विषय: भूक

दर रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या फोटोग्रुपवर एक शब्द यायचा. शब्द देणारे ग्रुपचे चालक म्हणजे पालघरचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. शब्द आला की शनिवार संध्याकाळपर्यंत त्या विषयावर प्रत्येकानं एकच फोटो टाकायचा. ‘लाल’, ‘चाकं’, ‘वाट पाहणं’, ‘उरलेलं’, असले शब्द. फोटो आपल्याच भागातला हवा, माणसांचा किंवा पशुपक्ष्यांचा. प्राण्याचा फोटो असेल तर काही मांडून, अडवून काढायचा नाही. सापडलात तर बाद. आणि फोटोखाली एक ओळही लिहायची नाही. “फोटोनं बोलावं, फोटो काढणाऱ्यानं नाही,” हे सरांचं ठरलेलं वाक्य. ते मला तेव्हा फार थोर वाटायचं.

मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, भाड्याचं घर, बायको, आणि बायको ज्याला सवत म्हणते तो कॅमेरा. ग्रुपात आम्ही तीसेक जण होतो. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, मला ती गाय व्हायचं होतं, पण तेही जमेना. बँकेतला एक अधिकारी होता, त्याची लेन्स एवढी लांब की बगळे ती बघूनच उडायचे, तरी बहुतेक आठवड्यांत सरांचा पहिला नंबर त्यालाच. मला दीड वर्षात एकदाही मिळाला नव्हता. मी लेन्सला, उजेडाला, सरांच्या डोळ्यांना दोष द्यायचो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

एकदा विषय आला ‘चांदी’. त्याच आठवड्यात खाडीत मासे मरून वर आले होते. पोटं वर करून काठापर्यंत पसरलेले, उन्हात लखलखणारे. कशानं मेले ते मी विचारलं नाही, मीही कारखान्यातच नोकरीला आहे. नाकाला रुमाल बांधून चिखलात पालथा झोपलो आणि साठ-सत्तर फोटो काढले. मागे एक म्हातारा टोपली उलटी ठेवून तिच्यावर बसला होता, त्या दिवशी त्याला दुसरं कामच नव्हतं. तो मधे येत होता म्हणून मी त्याला उठायला सांगितलं. तो उठला. फोटोला दुसरा नंबर मिळाला. पहिला गेला बँकवाल्याला, त्याच्या आजेसासूच्या पैंजण घातलेल्या पावलांच्या फोटोला. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि ते माशांसाठी नव्हे.

मावशी मला भेटली ती ‘हात’ या विषयामुळे. नवापूर आणि मुरब्याच्या मधल्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, आधी एकदा सांगून झालंय. पन्नाशीची बाई. हिवाळ्यात बोंबील वाळत घालायची, पावसाळ्यात तेच बोईसरच्या बाजारात विकायची. नवरा एका बोटीवर खलाशी, वीस-बावीस वर्षं त्याच बोटीवर. मी तिच्या हातांचे फोटो काढायला लागलो तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, “आमचे हात बघून तुमचं पोट भरतं काय दादा?” मी म्हटलं, “भरतं.” ती हसली आणि हात बाहेर काढले. पुढच्या वेळी मी तिला त्या फोटोची एक प्रत नेऊन दिली. ती तिनं देवाच्या फळीवर ठेवली. माझ्यासारखा पँटवाला माणूस आपल्यासाठी काहीतरी घेऊन आला, याचंच तिला कौतुक. मी मात्र तिला माझा फोन नंबर देऊन ठेवला. “मावशी, किनाऱ्यावर वेगळा पक्षी, प्राणी काही दिसला तर लगेच मला फोन कर. मी येईपर्यंत त्याला हलवू नकोस.” हे मी तिला तीन-चार वेळा तरी बजावलं होतं.

जुलैमधल्या एका रविवारी विषय आला ‘भूक’. बुधवार उजाडला तरी माझ्या हाती काही नव्हतं. स्टेशनजवळचा भिकारी काढून झाला होता, उकिरड्यावरच्या गाई काढून झाल्या होत्या. गुरुवारी सकाळी सातला मावशीचा फोन आला. “दादा, कासव हाय. जाळ्यात गुरफटलंय. जीव हाय अजून. तुमी बोललेले ना हलवू नको, म्हणून बसलेय. लवकर या.”

पावसानं उघडीप दिली होती. मी कॅमेरा पिशवीत गुंडाळून मोटारसायकल हाणत गेलो. ओहोटी लागली होती, किनाऱ्यावर तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. बोटी पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीमुळे वर ओढून ठेवलेल्या आणि नवरा बोईसरला मिळेल त्या मजुरीवर गेलेला. कुठल्यातरी बोटीनं समुद्रात टाकून दिलेल्या हिरव्या जाळ्याचा गोळा लाटेबरोबर आला होता आणि त्यात कासव. पुढचा एक पाय दोरीनं कापत गेला होता. मावशी शेजारी बसून बादलीतलं पाणी त्याच्या पाठीवर ओतत होती. तिच्या बाजूला ताटलीत हळद-कुंकू, एक नारळ आणि मासे कापायचा कोयता. कासवाला हे लोक देव मानतात. जाळ्यात आलं तर स्वतःचं जाळं कापतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात आणि हात जोडून पाण्यात सोडतात. तिनं सगळी तयारी करून ठेवली होती आणि फक्त माझ्यासाठी थांबली होती.

“कापू ना आता?” तिनं विचारलं.

“थांब, दोनच मिनिटं,” मी म्हटलं.

पुढचं सगळं मी केलं. ताटली आणि नारळ उचलून माझ्या पाठीमागे ठेवले, कारण कुंकवाचा लाल रंग नजर खेचत होता. बादली लांब नेली. जाळं चौकटीबाहेर जावं म्हणून गुडघ्यावर बसलो. तिला कासवाच्या मानेशी बसवलं आणि कोयता वर धरायला सांगितलं. “अजून वर. खाली बघ, माझ्याकडं नको.” सूर्य ढगात गेला की थांबायचं, बाहेर आला की पुन्हा. कासव मान बाहेर काढायचं, फुसकन श्वास सोडायचं. ती म्हणाली, “दादा, त्याला दुखतं हाय.” मी म्हटलं, “झालंच.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “सोडूया आता.” मी म्हटलं, “हललीस बघ तू.” तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा रडकुंडीला आली होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे त्या मानेवर खिळलेले, आणि ऊन बरोबर पात्यावर. तो फोटो मिळाला तेव्हा मला कळलं की दीड वर्षाचा उपास सुटला.

मग तिनं कोयता खाली घेऊन एकेक दोरी अलगद कापली. कासवाच्या पाठीवर हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि एकटीनं ते धूड ओढत पाण्यापर्यंत नेलं. मी कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही. लाटेनं कासव एकदा मागे आणलं, दुसऱ्यांदा नेलं, आणि ते गेलं. मावशीनं ओल्या हातांनी तोंडावरून पदर फिरवला. “आले ना चांगले फोटो?” तिनं विचारलं.

शनिवारी मी तो एक फोटो टाकला. कडा कापून जाळ्याची उरलीसुरली दोरी काढून टाकली होती; फाफटपसारा नको, असं सर नेहमीच सांगायचे. वर सरांनी दिलेला शब्द, ‘भूक’. खाली नियमाप्रमाणे काहीच नाही. फोटोत तसं खोटं काय होतं? बाई खरी, कोयता खरा, कासव खरं. सरांनी लिहिलं, “निःशब्द.” पहिला नंबर माझा. बँकवाल्यानं हात जोडले. मग बाकीचे बोलू लागले. अंगावर काटा आला. किती क्रूर आहेत हे लोक. पोटासाठी माणूस कुठल्या थराला जातो. कुणीतरी विचारलं, कुठलं गाव? मी गावाचं नाव लिहिलं.

हे मी का केलं, असं बायकोनं पुढे विचारलं. उत्तर अगदी साधं आहे. पहिला नंबर मिळाल्यावर माणूस विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो. त्या दिवशी मात्र बायकोनं फोटो बघून एवढंच विचारलं होतं, “ही तुझी मावशी ना? ती कासव खाते?”

“फोटो आहे तो,” मी म्हटलं.

दोन दिवसांत तो फोटो ग्रुपाबाहेर गेला. कुणीतरी खाली ओळ जोडली होती, ‘कासव कापून खाणारी बाई’, आणि गावाचं नाव. माझ्या लॅबमधल्या पोरानंच तो मला दाखवला. “देखो सर, कैसे कैसे लोग हैं.” मी बघितला आणि हो म्हटलं. गावात वनखात्याची माणसं येऊन गेली. त्यांना रक्त मिळालं नाही, कवच मिळालं नाही. मावशीचा जबाब लिहून घेऊन ती माणसं परत गेली. गाव कुठं जाणार होतं? ज्या बायका तिच्या शेजारी बसून बोंबील विकायच्या त्या टोपल्या उचलून पलीकडे जाऊन बसल्या. आणि तिच्या नवऱ्याच्या बोटीचा मालक म्हणाला, देव मारणाऱ्या घरातला माणूस मी बोटीवर घेणार नाही. नारळी पौर्णिमेला बोटी निघायच्या होत्या. त्याआधी वर्षाची माणसं ठरतात. ठरलं नाही की वर्ष गेलं.

हे मला मावशीनंच सांगितलं, फोनवर. तिचे अकरा कॉल मी उचलले नव्हते, बारावा चुकून उचलला. तिनं मला एक शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “दादा, माझं कुणी ऐकत नाय. एक नवरा तेवढा बोलतो, माझी बायको असं करायची नाय. तुमी एकदा येऊन सांगा. एवढंच सांगा का मी सोडलं त्याला.” मी म्हटलं, “येतो. शिफ्ट आहे.”

शिफ्ट होतीच, पण खरं कारण ते नव्हतं. पंधरा ऑगस्टला पालघरच्या एका हॉलमध्ये ग्रुपचं प्रदर्शन होतं आणि माझा फोटो तीन फूट बाय दोन फूट, दारातच लागणार होता. मी गावात जाऊन खरं सांगितलं असतं तर ते ग्रुपात यायला किती वेळ लागला असता? प्राणी अडवून, मांडून काढलेला फोटो, म्हणजे बाद. माझ्याकडे त्या सकाळचे त्रेचाळीस फोटो होते. जाळं, हळद-कुंकू, फुटलेला नारळ, पाण्यात शिरणारं कासव, सगळं. ते संगणकात ठेवून मी दिवस मोजत राहिलो. नारळी पौर्णिमा प्रदर्शनाच्या आधी आली, त्याला माझा इलाज नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. बोट गेली. तिच्या नवऱ्याच्या जागी दुसरा माणूस गेला. प्रदर्शनात मला शाल-श्रीफळ मिळालं. एक बाई आपल्या मुलीला माझ्या फोटोसमोर उभं करून सांगत होती, “बघ, म्हणून शिकायचं असतं.” मी बाजूलाच शाल घेऊन उभा होतो.

प्रदर्शन झालं आणि मग मला पाझर फुटला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फोटोंच्या प्रती काढून घेतल्या. क्रमाबद्दल कुणी शंका घेऊ नये म्हणून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापून घेतली. लॅबमधला माणूस, नोंदीशिवाय मला चैन पडत नाही. पूजा नंतर केव्हातरी नाटकासाठी केली असं कुणी म्हणू नये, जाळं कापल्यावर लगेच केली हे आकड्यांनी सिद्ध व्हावं. एवढी काळजी मी त्या सकाळी घेतली असती तर!

बोट खेपेवरून परत आली होती. फोटो आहेत हे मी मावशीला कळवलं होतं, आणि तिच्याकरवी मालकाचा निरोप आला होता की माणसं ठरलीत, तरी पुरावा असेल तर दाखवा, पुढच्या खेपेला विचार करतो. एका रविवारी दुपारी आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो. मालक, मावशीचा नवरा, मावशी आणि मी. मावशीनं माझ्यासाठी कुठूनतरी खुर्ची आणली. ती धुतलेलं लुगडं नेसून, वेणीत फूल माळून आली होती. “हे आमचे दादा,” ती मालकाला म्हणाली. तिला माझ्याबद्दल अजून अभिमान होता. मला वाटलं खुर्चीसकट जमिनीत जावं.

मालकानं आधी तो प्रसिद्ध फोटो हातात घेतला. “कोयता असा डोक्यावर धरून जाळं कापतात काय? आमचं पोर पण नाय कापणार असं.”

“मी धरायला सांगितला,” मी म्हटलं. “फोटोसाठी. तिनं मारायला उचलला नव्हता. पुढचे बघा, तिनं सोडलंय त्याला.”

“सांगत होते ना मी!” मावशी म्हणाली. नवऱ्यानं मान हलवली. महिनाभर गावाशी भांडलेला माणूस तो, त्याचे खांदे एकदम सैल झाले. मालकानं फोटो एकेक करून ओट्यावर मांडले. नारळ बघितला, कुंकू बघितलं, पाण्यातलं कासव बघितलं. “सोडलंय खरं,” तो म्हणाला. त्या क्षणी मी उठून निघालो असतो तर बरं झालं असतं.

मग त्यानं कोपऱ्यातले आकडे वाचले. पहिला फोटो उचलला, सात बावीस. कोयत्याचे फोटो एकामागून एक, सात तीस, सात एकोणचाळीस, सात शेहेचाळीस. जाळ्याची पहिली दोरी कापतानाचा, सात एक्कावन्न. त्यानं ते पुन्हा एकदा वाचले आणि माझ्याकडं न बघता मावशीकडं बघितलं.

“म्हणजे अर्धा तास ते जाळ्यात तडफडत होतं नि तू फोटोला बसलेलीस?”

मावशी पुढं वाकून फोटोंचे कोपरे बघायला लागली. तिला आकडे माहीत नव्हते. तिच्या हिशेबी मी म्हणालो तेवढाच वेळ गेला होता.

“मी बसवलं तिला,” मी म्हटलं. “चूक माझी आहे.”

“तुमी घाटावरचे साहेब, तुमाला काय ठाऊक,” मालक म्हणाला. “ही इथं जन्मली. भुकेनं मारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोट कुणाला चुकलंय. पण ही पदर सारखा करून देवाला तसंच तडफडत ठेवून बसली.” त्यानं फोटो गोळा करून माझ्या हातात दिले. पुढच्या खेपेचं काय, ते कुणी विचारलं नाही.

नवरा जवळ सरकला. आता त्यानं मलाच विचारलं, अगदी हळू, “ही बोलली नाय तुमाला? सोडूया म्हणून?”

एवढ्या एका प्रश्नाला तरी मला खरं उत्तर देता येण्यासारखं होतं. मला हायसं वाटलं. “बोलली,” मी म्हटलं. “एकदा नाही, तीनदा बोलली. मीच ऐकलं नाही.”

त्यानं सगळ्यात वरचा, कोयत्याचा फोटो माझ्या हातातून घेतला. बघितला. मग बायकोकडं बघितलं, आणि महिनाभर तिच्यासाठी भांडलेल्या त्या माणसाचा आवाज बदलला.

“मग कापलं का नायस?” तो म्हणाला. “कोयता तर तुझ्याच हातात होता.”

ती माझ्याकडं बघायला लागली, याचं उत्तर मी देईन म्हणून.